सहावी वाटी

नेलपॉलिश सुकवायचा तो जांभळा दिवा असतो ना, त्याने आमच्या घरातलं एक जुनं गुपित बाहेर काढलं.

मी शांती नगरमध्ये घरीच नखं करून देते. परवा ज्योतीबेन आली होती. जुनी क्रोकरी घेऊन ऑनलाइन विकायची, हा तिचा धंदा. तिची बोटं भिजवायला मी सासूबाईंच्या हिरव्या काचेच्या वाट्यांपैकी एक घेतली होती. दिवा लावला, तर शेजारची ती वाटी आतून पेटल्यासारखी चमकायला लागली.

"ये तो युरेनियमवाला काच है," ज्योतीबेन हळूच म्हणाली. "बहुत पुराना. ऐसे लाइट में चमकता है. बाकी के भी लाओ."

पडदे ओढून आम्ही एकेक वाटी दिव्याखाली धरली. पाच चमकल्या. सहावी दिसायला अगदी तश्शीच, पण काळीच राहिली.

सासूबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही.

"म्हणजे ही होय," त्या म्हणाल्या. "नवीन लग्न झालेलं, तेव्हा माझ्या हातून एक फुटली. सासूला कळायच्या आत ह्यांनी कुठून तरी तशीच आणून ठेवली. त्यातली कुठली, ते मलाही कधी ओळखता आलं नाही."

सासरे आता नाहीत. सासूबाईंनी ती वाटी पदराने पुसली आणि हातातच धरून ठेवली.

"आंटी, वो तो डुप्लिकेट है. असली ये पाँच हैं," ज्योतीबेन म्हणाली.

"मालूम है," सासूबाई म्हणाल्या. "वो पाँच तू लेके जा."