शलमोनच्या चपला

— न्हाई हेलन, बोट मी दाखवलंच न्हाई. तुझ्या वकिलानं उगं कायबी डोक्यात भरवू नये. हवालदार पळत आले, म्हनले, "रतनबाई, रांगेत एका बाईची गळ्यातली चैन गेली, कुनी संशयित दिसलं का?" — तर मी हनुवटी अशी... एवढीच हलवली. एवढ्यावरनं कुनी मानूस धरून नेतं का? नेतं. नेला की तुझ्या नवऱ्याला. बस ना, उभी का? ती टोपली सरकव — जपून, खाली गुलाब हायेत.

आता तूच सांग, माझं काय चुकलं? साईबाबांच्या दारात सगळ्या दुकानांचा एकच रिवाज — चपला फुकट ठेवा, हार-पेढे आमच्याकडनं घ्या. चपला ठेवून कायच घेत न्हाई तो फुकट्या. आन हवालदारांनी आमाला कवाचं सांगून ठेवल्यालं, असा फुकट्या घुटमळताना दिसला की कळवा. शलमोन पुनतांब्यावरनं जीप घेऊन आल्ता, भाड्याची मानसं सोडली, त्यातल्या एका म्हातारीला हाताला धरून दरवाजापातुर पोचवलं — चपला माझ्या फळीवर काढून. परत आला आन बसला, हितंच, ह्या पायरीवर. ना हार, ना पेढा. मी इचारलं न्हाई असं न्हाई. म्हनलं, "दादा, हार-पेढ्याचं ताट लावू का?" तर हसला. "मावशी, मी ख्रिस्ती हाय, मानसं भाईर येईस्तोवर टेकतो जरा." टेक म्हनलं. तोंडानं म्हनलं, मनात राग हुताच — ऐन गर्दीच्या येळेला पायरी अडवल्याली.

तुझा वकील म्हनतो, अपिलात सगळं एवढ्यावरच अडलंय — शलमोनला धरलं कशावरनं? व्हय, कळलं मला, दोनदा समजावलं त्यांनी. पोलीस म्हनतात खात्रीची बातमी हुती. ती बातमी म्हंजे मी. माझी हनुवटी! चैन तर मागनं घावली, त्याला धरल्यावर, जीपच्या सीटखाली — आन जीपभर मानसं आल्ती, कुनीबी सारली आसंल. ते मलाबी कळतं. पन मी कोर्टात येऊन सांगू काय? फुकट्या हुता म्हनून दाखवला? हसतील मला. आन त्या हवालदारांच्या तोंडावर सांगायचं — हे दुकान बघ की, निम्मं रस्त्यावर हाय. त्यांनी मनावर घेतलं तर उद्याच्याला टेम्पोत घालून नेतील फळ्यासकट. तू म्हनशील, मावशी, फळ्यांचं काय घेऊन बसलीस, माझा मानूस आत हाय. म्हन. खुशाल म्हन.

काय बघतीस? हां. त्याच्याच त्या. अनवानीच नेला ना त्याला, चपला ऱ्हायल्या फळीवर. टाकवंना. सकाळी झाडलोट करताना पुसते, परत तिथंच ठेवते. सुनबाई म्हनती, आत्याबाई, द्या की फेकून. कशी फेकू? भला मानूस हुता गं. फुकट्या म्हनले, पन रिकामा न्हवता बसला. माझा हार ववायचा चालला हुता, दोरा सारखा गुतायचा, तर म्हनला, "द्या मावशी, टोक धरतो." धरून बसला की! हातभर हार झाला आसंल, तवर रांगेत ती बाई किंचाळली — आमी दोघांनी एकदमच मान वर केली, दोऱ्याचं टोक तसंच त्याच्या हातात, मलाच इचारतो, "काय झालं वो मावशी तिकडं?" —

...

अशी का बघतीस? मी कुठं काय म्हनले? कायच म्हनले न्हाई. ऊठ, हेलन. ऊठ आता, गिऱ्हाईक आलं माझं. रडू नको हितं. आन वकिलाला सांग, रतनबाई दुकानावर न्हवती म्हनावं.

या ताई, या! चपला ठेवा, फुकट हाय — न्हाई, त्या फळीवर नको. ती जागा भरल्याली हाय.