जुना झटका

परवाचंच सांगते. दम लागतो म्हणून मला हृदयाच्या सोनोग्राफीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, आधी कधी छातीत दुखलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे मालक म्हणाले, "छ्या! हिनं कधी अंथरूण धरलंच न्हाई."

बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हृदयाचा हा भाग हलत नाही. जुना झटका आहे. तेव्हाच आला असतात तर हा भाग वाचला असता."

मग मी सांगितलं, चाकणचे पाहुणे लेकीला बघायला आले, त्या दिवशी डावा हात भरून आला होता. घामानं लुगडं भिजलं, तरी चाळीस पोळ्या लाटल्या.

मालक एकदम उजळले. "व्हय व्हय, आठवलं! त्या दिशी पोळ्या लय जाड झाल्या व्हत्या."