पुलाचं नाणं

दवाखान्याच्या बाकावर घड्याळवाला आपल्या नंबराची वाट बघत होता. शेजारी एक म्हातारी, तिच्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मुलगी.

“छापा पडला तर आई तुझ्याकडे, ताई.”

“बरं, उडव.”

“हे बघ, पूल आला.”

“पूल म्हणजे छापा का रे?”

“पूर्वी मुंडकं असायचं, तो छापा. आता पुलाला शंभर वर्षं झाली म्हणून पूल काढलाय.”

“आणि मागे?”

“जहाज. आकडा कुठेतरी कडेला, बारीक.”

“मग काटा कुठला?”

“तेच तर कळेना! दुसरं नाणं आहे का?”

“आहे, पण त्याच्यावर दोन्हीकडे पक्षीच.”

घड्याळवाल्याचा हात आपसूक खिशात गेला आणि तिथेच थांबला.

“आण ते पुलाचं इकडे,” म्हातारी म्हणाली. “माझं बसचं तिकीट येईल त्यात.”