सातवी सवाष्ण

बायांनो, हसू नका, पण माझ्या शुक्रवारच्या व्रताचं उद्यापन आठवलं की अजून छातीत धस्स होतं. सात सवाष्णींची ओटी भरायची होती. सहा जणी आल्या आणि सातवीला ऐनवेळी माहेरी जावं लागलं. एक कमी म्हणजे व्रत अपुरं! मी रडकुंडीला आले, तोच दारात एक ताई उभी.

"काकू, वटवाघळांच्या सर्वेक्षणासाठी आले. तुमच्या मागची जुनी विहीर पाहू का?"

"विहीर मंग पाह्यजो, आधी पाटावर बस!"

"अहो काकू, पण माझं..."

"बोलू नको वो, मुहूर्त जाऊन राह्यला!"

बिचारी बसली. तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, तिच्यावरच मी खण-तांदूळ घातले. नारळ ठेवणार, तोच पिशवी हलली आणि चिरकली! माझ्या हातातलं ताट उडालं.

"घाबरू नका, काकू. आत वटवाघूळ आहे. सकाळी जाळीत आलं, मापं घेऊन संध्याकाळी सोडायचंय. गाभण मादी आहे. आणि मी सवाष्ण कुठली? माझं लग्नच झालेलं नाही."

मला रडूच फुटलं. खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "काऊन रडते वो? खण-तांदूळ कोनाच्या अंगावर पडले? थे गाभण हाय न? मंग झाल्या सात!"

खरंच की! मी डोळे पुसले, देवीचं नाव घेतलं आणि कुंकवाचं बोट पिशवीकडे नेलं.

ताई किंचाळली, "काकू, लांबूनच! ती चावते!"