बटणवाला गिअर

बटणाच्या गिअरचं नाव माझ्यासमोर काढू नका, हातातला चहा सांडेल.

पनवेलजवळच्या कोन गावात आमची झेंडूची शेती. चिखलातून फुलांचे क्रेट बाहेर काढायला चार चाकांची एटीव्ही, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली गाडी, घ्यायची ठरली. मी म्हटलं, "पायाने टाकायचा गिअर बरा." आमचा मेहुणा संदेश हसला. "भावोजी, कुठल्या जमान्यात आहात? बटण दाबा, गिअर पडला!" बायको अर्थातच भावाच्या बाजूने. घेतली बटणवाली.

दसऱ्याची सकाळ. फुलं वेळेत पनवेलच्या बाजारात पोचायला हवीत, दुपारनंतर झेंडूला कुत्रं विचारत नाही. आणि या शहाण्या संदेशने पूजेसाठी गाडी धुतली, तीही फवारणीच्या पंपाने, थेट बटणांवर पाणी मारून! हार घातला, पुढच्या चाकांपुढे चिरडायला लिंबं ठेवली. मी क्रेट लादून बसलो, पुढचा गिअर दाबला आणि गाडी मागे! परत दाबला, परत मागे. रिव्हर्स काही सुटेना. पायाचा गिअर असता तर लाथ मारून काढला असता. बटणाला काय लाथ मारणार?

शेवटी मान मोडेस्तोवर वळवून अख्ख्या शेतातून गाडी उलटी चालवत टेम्पोपर्यंत आलो. लिंबं तिकडे शाबूत! आणि संदेश मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. "बघा भावोजी, रिव्हर्स कसा मख्खन चालतो! म्हटलं नव्हतं, बटणवालीच घ्या?"

संध्याकाळी वाकड्या मानेने मी गावभर आपट्याचं सोनं वाटलं. संदेशनेही हात पुढे केला. दोन दसरे झाले, तो हात अजून रिकामाच आहे.