आकड्याखालचं कुंकू

साळूबाईची गाभण म्हैस दसऱ्याच्या रात्री उसाच्या कडेला गोळी लागून मेली. कुणाची गोळी, ते गावात कुणी बोलेना. आज शिरूरच्या स्टँडावर तळेगावच्या गाडीची वाट बघत ती पदर ओढून बसली होती, आणि पाठीला पाठ लावलेल्या मागच्या बाकावरून तिच्या शेजारमळ्याच्या पोपटरावांचा आवाज आला. बंदुका दुरुस्त करणारा महबूब मिस्त्री त्यांना गोणपाटात गुंडाळलेली रायफल परत देत होता.

"झाली का नीट?"

"झाली, पाटील. पर खंडेनवमीच्या पूजेला बोल्टवर तेल-कुंकू ओतू नका. त्याचा लगदा बोल्टाच्या आकड्याखाली बसला. मग आकडा झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी भाईर वढणार कशी?"

"आन् नवी गोळी आत का जाईना?"

"जुनी पुंगळी नळीतच अडकली व्हती. नवीला जागा कुठली? कवा झाडली व्हती?"

"पूजेच्या आधी. डुकरावर."

"आधी?"

"व्हय. पूजेपासनं खुंटीलाच हाय."

"आधी तर आकडा साफ व्हता, पाटील. पुंगळी निघायला पायजे व्हती."

"तू मिस्त्री हायेस का फौजदार?"

"मिस्त्रीच हाय, म्हनून इचारलं."

"हळू बोल. मागं बाई बसलीया."

"बसंना."

साळूबाईनं पदर मागं सारला आणि वळून हात पुढं केला.

"मिस्त्रीदादा, ती पुंगळी टाकली का हाय?"

"हाय की, पिशवीत. का वो?"

"द्या हिकडं. म्हशीच्या बरगडीतली गोळी म्या जपून ठेवलीया."