साखळीतली एक बहीण

हॅलो?… हं, ताई, थांब. हात साबणाचे आहेत, फोन खांद्यात धरते… हं, आता बोल.

बरी आहे गं. बरी म्हणजे… नोकरीच्या नकाराचं पत्र येऊन चार दिवस झाले, भांडी घासतेय. पातेल्याचा तळ इतका लख्ख कधी नव्हता.

काय?… प्रार्थना-साखळीचा निरोप आहे? अगं, आज नको ना. आज मला वगळ, थेट शिंपीणबाईंना लाव…

हो, हो, मला नको नियम शिकवूस. विनंती कुणाची ते विचारायचं नाही, फोनवरच मोठ्याने प्रार्थना करायची, आमेन झालं की पुढच्या घरी फोन लावायचा. सहा वर्षं तेच करतेय. माझ्यापाशी कधी अडली का साखळी?… नाही ना? मग एक दिवस अडली तर…

बरं, बरं, ओरडू नकोस. सांग.

'एका बहिणीला'… हं… ताई, परत सांग… 'सोमवारी नव्या कामावर रुजू व्हायचंय, फार भीती वाटते, हाताला धरून शिकवणारं कुणीतरी मिळावं'…

ऐकू येतंय मला… ताई, ही तीच आहे.

ती गं! माझी जागा मिळालेली, गोडबोली साखरबाई!… कशावरून म्हणजे? आपल्या मंडळीत सोमवारी नव्या कामावर जाणारी दुसरी आहे कोण?… नाव कुठे घेतलं मी? साखरबाई हे काय नाव आहे?

नाही, तू ऐक. तीन वर्षं मी त्या शाळेच्या वाचनालयात तात्पुरती. एकेका पुस्तकाला कव्हर घातलं, सुटलेली पानं चिकटवली. जागा कायम व्हायची ठरली तेव्हा साखळीत विनंती कुणी दिली? मी! पाळकबाईंना मीच सांगितलं, 'एका बहिणीला अमुक शाळेच्या वाचनालयात कायमची जागा मिळावी, अर्जाची मुदत वीस तारखेपर्यंत.' साखरबाईला त्याआधी तिथे वाचनालय आहे हे तरी माहीत होतं का? प्रार्थना कसली गं, मी तिला जाहिरात पोचवली!

हसतेस काय?… पुढचं तर तुला सांगितलंच नाही. लाज वाटली म्हणून. मुलाखतीच्या आठवड्यात तूच मला निरोप दिला होतास, 'एका बहिणीची वाचनालयात मुलाखत आहे.' आठवतं?… मला वाटलं माझीच विनंती फिरून माझ्याकडे आली!… हो ना! मग काय, स्वतःसाठी कोण काटकसर करतं? दोन दिवस उपास धरला. गुडघे दुखेपर्यंत मागितलं, 'प्रभू, या बहिणीला नेमके शब्द सुचू दे, मुख्याध्यापकांचं मन तिच्याकडे वळव.' आणि त्याने ऐकलं की! शब्दन् शब्द ऐकलं, पण तिच्यासाठी!

हस, पोटभर हस.

पदविका आहे तिच्याकडे, मान्य. पण पोरं येऊन विचारतात, 'ते निळं पुस्तक द्या, ज्यात कुत्रा हरवतो.' सांगेल का पदविका?… नाही, मी शांतच आहे. जळफळाट होतोय नुसता, सरळ सांगते. रविवारी ती साक्ष देणार, प्रभूने कशी जागा दिली म्हणून. पाळकबाई मला विचारतात, साक्षीनंतरचं गीत तू बसवशील का? मी म्हटलं, घसा बसलाय… हो, खोटं बोलले. चर्चच्या पायरीवर उभी राहून.

प्रार्थना सोडली नाही गं. रोज सकाळी बसते, डोळे मिटते, आणि समोर येते तिची नवी पर्स. तपकिरी. दोन कप्प्यांची.

आणि… अजून एक आहे. नोंदवहीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे… विसरून नाही गं आणली. शिपायाने मागितली तर म्हटलं, घरी राहिली. ती माझ्या पर्समध्येच होती. त्या वहीशिवाय तिला एक पुस्तक देता यायचं नाही. बसू दे म्हटलं पदविका घेऊन…

काय?… आधी प्रार्थना कर? अगदी आईसारखी बोलतेस.

करते. करते म्हटलं ना. नळ बंद करू दे…

'प्रभू येशू… एका बहिणीसाठी…' ताई, घसा खरंच बसला बघ… नको, तू नको म्हणूस. माझी पाळी आहे.

'प्रभू, मी जळतेय, तुझ्यापासून काय लपवू? ती जागा माझी होती असं मला अजून वाटतं. तिला भीती वाटतेय हे ऐकून बरं वाटलं मला. त्याची क्षमा कर… पहिल्या दिवशी मीही घाबरले होते. चार पुस्तकं चुकीच्या कपाटात लावली आणि घरी येऊन रडले. तिला शिकवणारं कुणीतरी दे. कुणीतरी म्हणजे… तू मुद्दाम करतोस हं हे. बरं. पण सोमवारी नको, प्रभू. मंगळवारी. एक दिवस दे मला. आमेन.'

ताई, म्हण ना आमेन… का नाही म्हणत?

किल्ली सोमवारीच लागणार, कळतंय मला…

हो, माहीत आहे ना…

बरं! सोमवारी. शाळा भरायच्या आधी जाईन. पण गोड बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते. त्या कपाटाचं दार जरा वर उचललं तरच किल्ली फिरते, तेवढं दाखवीन आणि परत येईन… वहीसुद्धा दाखवीन, बरं. आता म्हणतेस?

आमेन.

ठेव आता. शिंपीणबाई जेवायला बसतील, त्याआधी निरोप द्यायला हवा… काय सांगणार म्हणजे? तेच, एका बहिणीला… नाही. ताई, मी दोघींसाठी म्हणून सांगते. दोन बहिणींसाठी प्रार्थना करा. एकीला नव्या कामाची भीती वाटतेय.

दुसरीला?… दुसरीला सोमवारी किल्ली परत द्यायचीय. ठेवते.